नऊ संघ बदललेला जावई

“आमची मुलगी २९ वर्षांची. अमेरिकेत शार्लटला एका बँकेत नोकरी करते, एच-वन बी व्हिसावर. तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं आहे. मुलगा अमेरिकन, ३० वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आठ दिवस राहून गेला. स्वभावाला नाव ठेवायला जागा नाही. अडचण आहे ती त्याच्या कामाची. तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो. आठ वर्षांत नऊ संघ आणि पाच देश झाले. सध्या तुर्कस्तानात आहे, करार फक्त या हंगामापुरता. ह्यांची ३४ वर्षं एकाच राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. ते म्हणतात, एवढ्या ठिकाणांहून काढलेल्या मुलात काहीतरी खोट असणारच. माझ्या भावानं नेटवर शोधलं, तर एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, त्याचे फक्त सहा सामने सापडले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असा हा संसार कसा व्हायचा? आधी पक्की नोकरी धर, मग लग्न, अशी अट घालावी का? आम्ही डिसेंबरमध्ये नाशिकला लग्न करायचं म्हणतो, तर दोघंही टाळाटाळ करतात. त्यामुळे संशय आणखी वाढतो.”
— एक आई, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘काढलेला’ या शब्दापाशी मी थांबले. तुमची सगळी काळजी त्या एका शब्दातून निघाली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपल्याकडे खेळाडूची नोकरी म्हटलं की रेल्वे, पोलीस, बँक, एखादी तेल कंपनी डोळ्यांसमोर येते. कॉलेजात मी पाच वर्षं बास्केटबॉल खेळले. माझ्याबरोबरच्या दोघी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागल्या. खेळणं संपल्यावर त्या तिकिटांच्या खिडकीवर बसल्या आणि आता त्यांना पेन्शन मिळेल. हा चांगला मार्ग आहे आणि त्यानं कित्येक घरं उभी केली आहेत. पण त्या मार्गावर खेळाडूला सांभाळते ती नोकरी. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या जगात अशी नोकरीच नसते, असतो तो करार. बहुतेकांच्या हातात तो एका हंगामाचा असतो, काहींच्या हातात दहा दिवसांचा. तो संपला म्हणजे खेळाडूला काढलं असं होत नाही. काम संपलेलं असतं, आणि पुढचं काम कोणीतरी बोलावून द्यावं लागतं. आठ वर्षांत नऊ वेळा त्याला बोलावणं आलं आहे. यजमानांना हा आकडा एकदा या बाजूनं बघायला सांगा.

मुलगी शार्लटला आहे, म्हणून तिथल्याच एका माणसाची गोष्ट सांगते. इश स्मिथ. जन्म शार्लटचा, शाळा शेजारच्या कॉन्कॉर्डमधली, कॉलेज त्याच राज्यातलं वेक फॉरेस्ट. उंची सहा फूट, म्हणजे या खेळात बुटकाच. दरवर्षी एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडलं नाही. तरीही ह्यूस्टनच्या संघानं त्याला करार दिला आणि तिथून त्याची वणवण सुरू झाली. मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया. पहिल्या पाच हंगामांत आठ संघ. तुमच्या यजमानांनी त्या वेळी त्याचा कागद पाहिला असता तर तेच म्हणाले असते, ह्याच्यात खोट आहे.

मग काय झालं ते ऐका. २०१५ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियानं त्याच्याशी पुन्हा करार केला नाही, तो न्यू ऑर्लिन्सला गेला. इकडे फिलाडेल्फियाच्या संघानं ३१ सामन्यांपैकी एकच जिंकला. डिसेंबरात त्यांनी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडण्याचे आपले दोन हक्क न्यू ऑर्लिन्सला देऊन इश स्मिथला परत आणलं, आणि तो परतल्यावरचा पहिलाच सामना संघ जिंकला. ज्याला सहा महिन्यांपूर्वी जाऊ दिलं होतं, त्याच्यासाठी पदरचं मोजावं लागलं. चेंडू घेऊन कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला वेगानं जाणारा आणि बाकीच्या चौघांना जागेवर चेंडू पोचवणारा माणूस त्यांच्याकडे उरलाच नव्हता. पुढे तो डेट्रॉइटमध्ये सलग तीन हंगाम टिकला. २०२१ मध्ये घरच्या शार्लटच्या संघात आला, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये अदलाबदलीत वॉशिंग्टनला गेला. त्या उन्हाळ्यात आणखी एका अदलाबदलीत डेन्व्हरला. डेन्व्हर हा त्याचा तेरावा संघ. एनबीएमध्ये तेरा संघांकडून खेळलेला तो पहिला माणूस. जून २०२३ मध्ये डेन्व्हर पहिल्यांदा विजेता झाला, तेव्हा तो त्या संघात होता. अंतिम फेऱ्यांत तो फारसा खेळला नाही, बाकावरच असायचा. पण तो रोज तयार होऊन बसायचा, आणि त्यासाठीच त्याला ठेवलं होतं.

त्याच्या आधीचा विक्रम बारा संघांचा होता आणि तो चौघांच्या नावावर होता. चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग आणि जो स्मिथ. यातला जो स्मिथ १९९५ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडला गेला होता, म्हणजे त्या वर्षीचा पहिल्या नंबराचा मुलगा. जिम जॅक्सन चौथ्या नंबरावर निवडलेला. उलट ब्राउन आणि मॅसनबर्ग त्रेचाळिसाव्या नंबराचे, आणि विजेतेपदाची अंगठी मिळाली ती या दोघांना. गुणवत्ता कमी म्हणून माणूस फिरतो, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. संघाला पगाराची मर्यादा असते, अदलाबदलीत दोन्हीकडचे पगार जुळवावे लागतात, कोणी जखमी झाला की तेवढ्यापुरता माणूस लागतो, प्रशिक्षक बदलला की खेळण्याची पद्धत बदलते. यातलं काहीच खेळाडूच्या हातात नसतं. तुमच्या यजमानांच्या बदल्याही झाल्या असतील. त्या कोणी त्यांच्या उणिवा म्हणून मोजल्या नसतील.

आता त्या सहा सामन्यांबद्दल. एनबीएमध्ये तीस संघ आहेत. प्रत्येकात पंधरा पक्क्या जागा आणि तीन ‘टू-वे’ जागा, म्हणजे अर्धा पाय एनबीएत आणि अर्धा तिच्या खालच्या जी लीगमध्ये. एकूण जागा ५४०. त्यांच्यासाठी सगळ्या जगातून मुलं रांगेत असतात. जानेवारीच्या पाच तारखेपासून संघांना दहा-दहा दिवसांचे करार करता येतात. एका हंगामात एका खेळाडूशी एका संघाला असे दोनच करार करता येतात, त्यानंतर एकतर हंगाम संपेपर्यंत ठेवायचं किंवा सोडायचं. भावानं शोधलेले सहा सामने बहुधा अशाच करारातले असतील. मुलीला विचारा. आणि हेही सांगते, म्हणजे त्या सहा सामन्यांची किंमत कळेल. एनबीएतल्या दहा दिवसांचे किमान दरानंही साठ हजार डॉलरच्या वर मिळतात. जी लीगमध्ये संपूर्ण हंगाम खेळून चाळीस हजारांच्या आसपास. हे लोक वर्षानुवर्षं फोन जवळ घेऊन का झोपतात, ते एवढ्यावरून लक्षात यावं.

आंद्रे इन्ग्रमचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. भौतिकशास्त्राचा पदवीधर. दहा वर्षं तो या खालच्या लीगमध्ये खेळला. पैसे पुरत नसत म्हणून मुलांना गणित शिकवायचा. बायको, दोन लहान मुली. एप्रिल २०१८ मध्ये हंगामाचे शेवटचे दोन सामने उरले असताना लॉस एंजेलिस लेकर्स या एनबीए संघानं त्याला बोलावलं. वय ३२, डोक्यावर पांढरे केस दिसायला लागलेले. १० एप्रिलला ह्यूस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं १९ गुण केले. लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेले पाचातले चार चेंडू आत गेले. प्रेक्षकांनी त्याचा जयघोष केला. मी तो सामना नंतर पाहिला आणि रडले. पण ताई, तो एक दिवस होता. त्याच्या आधीची दहा वर्षं त्याच्या बायकोनंही काढली होती. तुमच्या मुलीसमोरचा प्रश्न त्या दहा वर्षांचा आहे.

आपल्या मातीशी नातं असलेलं एक नाव सांगते. सिम भुल्लर, टोरांटोतल्या पंजाबी घरातला मुलगा, उंची सात फूट पाच इंच. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडून दहा दिवसांच्या करारावर खेळला आणि भारतीय वंशाचा एनबीएत उतरलेला पहिला खेळाडू ठरला. सामने किती? तीन. त्यानंतर तो तैवानला गेला आणि तिथे अनेक वर्षं व्यवस्थित खेळला. नेटवर एनबीएचं पान उघडलं तर तीन सामने दिसतात, पण त्याचा संसार चालला तो बाकीच्या शेकडो सामन्यांवर. तुमच्या भावानं जे पान पाहिलं त्यात युरोप नसतो, तुर्कस्तान नसतो. तुर्कस्तानची लीग युरोपातल्या तगड्या लीगमधली आहे आणि तिथे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. त्या जागेवर बसलेला माणूस रोज ती जागा राखत असतो.

आतापर्यंत मी तुमच्या काळजीला उत्तर देत होते. आता तुमच्या बाजूनं बोलते, कारण या आयुष्यातल्या काही गोष्टी खरोखर कठीण आहेत आणि त्या मुलीनं तुम्हाला सांगितलेल्या दिसत नाहीत.

पहिली गोष्ट वयाची. तो ३० वर्षांचा आहे. गुडघे आणि घोटे चांगले राहिले तर आणखी चार-पाच वर्षं, फार तर सहा. म्हणजे बँकेतल्या माणसाला जेव्हा बढत्या मिळू लागतात, त्या वयात याचा धंदा बंद होणार. बंद होतो तोही एखाद्या निरोप समारंभानं नाही. एका उन्हाळ्यात फोन येत नाही. जुलै जातो, ऑगस्ट जातो, सप्टेंबरात एजंट म्हणतो थोडं थांबू. ते तीन महिने घरातल्या माणसाला सगळ्यांत जड जातात, आणि मुलीला ते बहुतेक दर उन्हाळ्यात काढावे लागतील. एनबीएत तीन हंगाम पूर्ण केलेल्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. सहा सामन्यांत तो मिळत नाही. म्हणजे म्हातारपणाची तरतूद यानं स्वतःच करायची आहे.

दुसरी पैशाची. युरोपात क्लब सहसा राहायला घर देतो, गाडी देतो, विमानाची तिकिटं देतो, आणि पगार तिथला कर भरून हातात पडतो. ऐकायला छान वाटतं, आणि वेळेवर मिळाला तर खरोखर छान असतो. पण अनेक क्लब पगार थकवतात. दोन-दोन, तीन-तीन महिने. त्यासाठी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानं २००७ मध्ये एक लवाद उभा केला. त्याचं कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. करारात त्या लवादाचं कलम असेल तर खेळाडू थेट तिथे दाद मागू शकतो, आणि निकाल लागूनही पैसे न देणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू घ्यायला बंदी येऊ शकते. कलम नसेल तर परक्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्याही तिथून निघून आल्यावर. तुमचे यजमान बँकेतले आहेत. त्यांनी आयुष्यभर लोकांची कर्जाची कागदपत्रं वाचली असतील. त्यांना म्हणावं, जावयाला एकदा शांतपणे बसवा आणि करार बघायला मागा. पगार कुठल्या तारखांना, दुखापत झाली तर किती महिने चालू राहतो, मधेच सोडलं तर काय मिळतं, लवादाचं कलम आहे का. आणि अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही कमावलं तरी अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं, त्यासाठी क्लबनं तिथे कर भरल्याचा दाखला दरवर्षी घेतो का, हेही. सासऱ्यांच्या संशयी प्रश्नांनी कोणीही दुखावतं. पण कागद समजणारा माणूस आपल्या बाजूनं कागद वाचतो आहे, हे कळलं तर मला वाटतं त्या मुलाला आधारच वाटेल. आठ वर्षं तो हे एजंटच्या भरवशावर करत आला असेल.

तिसरी गोष्ट मुलीची स्वतःची, आणि त्या गोष्टीबद्दल पत्रात तुम्ही अवघा एक शब्द लिहिला आहे, व्हिसा. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एच-वन बीवर असताना तिची अमेरिकेतली नोकरी हाच तिचा तिथे राहण्याचा आधार आहे. लग्नानंतर अमेरिकन नागरिकाची पत्नी म्हणून ती ग्रीन कार्डासाठी अर्ज करेल. तो अर्ज अमेरिकेत राहून केला, तर प्रवासाची परवानगी हातात येण्याआधी देशाबाहेर पडताना फार जपावं लागतं. कार्ड मिळाल्यावरही नवऱ्याच्या मागे नऊ-नऊ महिने परदेशी जाऊन राहिली, तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी अडचण येऊ शकते. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तिथलं वास्तव्य अखंड होतं का, हा प्रश्न निघतो. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर परत येण्याचा वेगळा परवाना आधीच काढावा लागतो. म्हणून लग्नाआधी या दोघांनी इमिग्रेशनच्या वकिलाकडे एकदा जाऊन यावं. हे तुम्ही त्यांना हक्कानं सांगा.

यातूनच खरा प्रश्न निघतो, आणि तो त्या दोघांनीच सोडवायचा आहे. हंगामात ती शार्लटला आणि तो तिकडे, असं राहायचं? की तिनं नोकरी सोडून त्याच्याबरोबर फिरायचं? माझं मत विचाराल तर तिनं नोकरी सोडू नये. अशा घरात एकाचा पाय जमिनीवर असावा लागतो. आरोग्य विमा, घराचा पत्ता, मूल झाल्यावर एक ठरलेली जागा, हे सगळं तिच्या नोकरीतून येईल. दोन हंगामांच्या मधली सुट्टी आणि तिच्या हक्काच्या रजा धरल्या तर वर्षातले बरेच महिने ते एकत्र राहू शकतात. आपल्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बायकांनी यापेक्षा कमी महिन्यांत संसार केले आहेत. कोकणातल्या कुठल्याही गावात विचारा. त्या सोपं होतं असं म्हणणार नाहीत. कसं निभावलं ते मात्र सांगतील, आणि मुलीनं तसं कोणाकडून तरी जरूर ऐकावं.

मग अट घालावी का? घालू नका. ‘आधी पक्की नोकरी’ म्हणजे त्यानं तीस वर्षांच्या वयात, अंगात खेळ शिल्लक असताना, तो सोडून द्यावा असं तुम्ही सांगणार. तो कदाचित तुमच्या मुलीसाठी सोडेलही. आणि मग पन्नाशीपर्यंत त्याच्या मनात राहील की अजून चार वर्षं होती. ते घेऊन संसार करणं तुमच्या मुलीला नऊ संघांपेक्षा जड जाईल. शिवाय मुलगी २९ वर्षांची आहे आणि तिनं ठरवलं आहे असं तुम्हीच लिहिता. अट घातलीत तर ती त्याची बाजू घेईल, आणि ज्या दिवशी तिला खरोखर तुमच्याशी बोलावंसं वाटेल त्या दिवशी बोलणार नाही.

अटीऐवजी त्याला एक प्रश्न विचारा, आणि मुलीच्या समोर विचारा. खेळणं थांबेल त्यानंतरच्या पहिल्या वर्षी तू काय करशील? उत्तर पक्कं नसलं तरी चालेल. पण काहीतरी सुरू आहे का ते बघा. प्रशिक्षणाचा अभ्यास, अपुरी राहिलेली पदवी, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं, संघांसाठी खेळाडू पारखण्याचं काम. एवढे संघ, एवढे प्रशिक्षक, एवढे देश पाहिलेल्या माणसाला या गोष्टींत गती असते, आणि पुष्कळ प्रशिक्षक असेच तयार झाले आहेत. बरोबरीनं हेही विचारा की आठ वर्षांतलं बाजूला किती पडलं. हे विचारायला संकोचू नका, आपल्याकडे मुलाचा पगार विचारतातच. तो या दोन्ही प्रश्नांना हसून बगल देऊ लागला, तर मात्र मी तुमच्याइतकीच सावध होईन आणि मुलीला तसं स्पष्ट सांगेन.

नातेवाईकांना काय सांगायचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते पत्रात मला दिसलं. जे आहे तेच सांगा. जावई व्यावसायिक बास्केटबॉलपटू आहेत, सध्या तुर्कस्तानच्या संघात. पुढच्या वर्षी देश बदलला तर नवा देश सांगा. आणि दर फोनवर ‘पुढचं काही ठरलं का’ असं विचारू नका, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. ठरलं की तो आपणहून सांगेल.

राहिला डिसेंबर. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. युरोपातला हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबर म्हणजे ऐन मध्य, आठवड्याला एक-दोन सामने. तेव्हा दहा दिवस नाशिकला यायचं म्हणजे संघ सोडून यायचं, आणि एका हंगामाच्या करारावर असलेला माणूस ते करू शकत नाही. मुलगी टाळते ती यामुळेच, आणि तुम्हाला कसं सांगावं हे तिला कळत नसणार. साखळी सामने मेमध्ये संपतात. संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या पुढच्या फेऱ्यांत, गेला तर जून उजाडतो. ऑगस्टच्या मध्यापासून पुन्हा सरावाची बोलावणी लागतात. तेव्हा त्याच्याकडून या हंगामाची शेवटची शक्य तारीख मागून घ्या आणि गुरुजींना त्यानंतरचे, चातुर्मास लागण्याआधीचे मुहूर्त काढायला सांगा. जागा थोडी आहे, पण आहे. हॉल घेताना तारीख एक आठवडा पुढे करता येईल का ते आधी विचारून ठेवा, म्हणजे त्याचा संघ जिंकत राहिला तर तुम्हालाही तो जिंकावा असंच वाटेल.